नळाचा दिवस, कोरडा दिवस : घरातल्या घरात वेळ कसा लावावा

आमच्या राजेंद्रनगरात नळ एक दिवसाआड येतात. सकाळी सहाला कोणीतरी "नळ आले!" म्हणून ओरडतं आणि पुढचा पाऊण तास घरातला प्रत्येक जण कामाला लागतो. मोटर, गच्चीवरची टाकी, ओट्यावरचा माठ, मागच्या अंगणातलं पिंप. हे पाणी नर्मदेचं, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर लांबून, विंध्याचा चढ चढवून इंदुरात आणलेलं. ते कधी येणार आणि किती वेळ राहणार, हे सासूबाईंपासून बारावीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. लग्न होऊन मला तेवीस वर्षं झाली, पण पाण्याचा दिवस या घरात कोणी विसरल्याचं आठवत नाही.

आणि याच घरात मला रियाजाला अर्धा तास मिळत नाही, ही तक्रार मी अकरा वर्षं करत होते.

मी एका खासगी कंपनीत हिशेब बघते. लग्नाआधी गाणं शिकत होते, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत होते, मध्येच सुटलं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा सुरू केलं आणि या वेळी सुटलं नाही. त्यासाठी जे केलं ते पायरीपायरीने सांगते. तुमचं ध्येय गाण्याऐवजी परीक्षा असेल, दुकान असेल, पाठदुखीचा व्यायाम असेल, तरी पद्धत तीच चालते.

पहिली पायरी : वेळेची किर्द

हिशेबाच्या कामात आधी किर्द म्हणजे रोजची नोंद लिहितात, मग खतावणी म्हणजे खातेवार मांडणी, मग ताळेबंद. वेळेच्या बाबतीत लोक थेट ताळेबंदापासून सुरू करतात. नवीन वही आणतात, तीन रंगांची पेनं आणतात, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचं वेळापत्रक आखतात आणि चौथ्या दिवशी ती वही मुलांच्या रफ कामाला जाते. माझ्या अशा चार वह्या आहेत.

म्हणून पहिले सात दिवस काहीही बदलायचं नाही. फक्त लिहायचं. साधी वही घ्या, पानावर अर्ध्या तासाचे रकाने पाडा. दिवसातून चार वेळा भरा : सकाळी घराबाहेर पडताना, दुपारच्या डब्यानंतर, घरी परतल्यावर, झोपण्यापूर्वी. रात्री एकदम भरायला बसलात तर आठवणीतून लिहाल, आणि आठवण नेहमी आपल्या बाजूने साक्ष देते. सणाचा, लग्नाचा किंवा आजारपणाचा आठवडा निवडू नका. फोनवर किती वेळ गेला तो अंदाजाने लिहू नका, फोनच्या सेटिंगमध्ये आकडा असतो, तो उतरवा.

माझ्या आठवड्याच्या १६८ तासांची खतावणी अशी निघाली. झोप साडेपंचेचाळीस तास, म्हणजे रोज साडेसहा. ऑफिस सहा दिवसांचं मिळून ५१. राजेंद्रनगर ते विजयनगर जाणं-येणं ९. स्वयंपाक आणि ओटा २१. अंघोळ, पूजा, जेवणखाण, आवरणं साडेसतरा. पाणी, कपडे, भाजी, किराणा, झाडलोट ८. सासूबाईंचा दवाखाना, मुलगी, नातेवाईक ६. फोन आणि टीव्ही ८. झाले १६६. उरलेल्या दोन तासांचं काय झालं ते मला सांगता आलं नाही. ऑफिसात दोन रुपये जुळले नाहीत तरी मी संध्याकाळी थांबून शोधते, आणि इथे दर आठवड्याला दोन तास बेपत्ता.

फोनच्या आकड्याने जास्त लागलं. माझा समज होता की मी रोज वीस मिनिटं बघते.

दुसरी पायरी : आधी झोप, मग वजाबाकी

वेळ काढायचा म्हटलं की सगळ्यांचा हात पहिल्यांदा झोपेवर जातो. "पहाटे चारला उठ, बघ कसा वेळ मिळतो," असं मलाही पाच जणांनी सांगितलं. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. मी आधीच साडेसहावर होते. त्यामुळे मी पहिल्यांदा झोपेत आठवड्याला साडेतीन तास वाढवले. रियाजाला वेळ शोधायला बसले होते, तर तूट आणखी वाढली. पण अर्धवट झोपेत लावलेला षड्ज कसा लागतो ते मला माहीत आहे.

आता उरलेल्या रकान्यांवर दोन खुणा करा. जे हलणार नाही त्याला फुली : ऑफिस, प्रवास, जेवण. जे कमी होऊ शकतं किंवा दुसऱ्याकडे जाऊ शकतं त्याला गोल. माझे गोल चार होते. फोनमधून पाच तास, स्वयंपाकातून तीन, वरकामातून अडीच आणि ते बेपत्ता दोन. साडेबारा तास. त्यातले साडेतीन झोपेला, पाच रियाजाला आणि चार विश्रांतीला. विश्रांतीचे चार तास इथेच, पहिल्या हिशेबातच धरायचे. उरलेल्या वेळात विश्रांती घेऊ म्हणणाऱ्याला वेळ उरत नाही.

आठवड्याला पाच तास हे कळल्यावर ध्येयाचं माप आपोआप ठरतं. माझ्या डोक्यात गाणं, संस्कृत आणि शिवण अशी तीन ध्येयं होती. पाच तासांत तिन्ही बसवली तर तिन्हीचं भरीत होईल. संस्कृत आणि शिवण कागदावर लिहून कपाटात ठेवली.

एकच ध्येय ठेवलं तरी अंदाज चुकतो, हेही धरून चाला. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की आपल्याच कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस सवयीने कमी सांगतो, आधी तसंच काम रेंगाळलेलं असलं तरी. मी एका रागाला बारा तास धरले होते. पहिल्याच रागाला अठरा लागले. तेव्हापासून मनात येईल त्या आकड्याची दीडपट करते. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. मी जवळची सोडून पुढची धरली. मैत्रीण म्हणाली, "घाबरलीस का गं?" मी म्हटलं, भागाकार केला.

तिसरी पायरी : कामांची वाटणी, आणि त्यातली खरी अडचण

ही पायरी सगळ्यात अवघड. वही, घड्याळ, अ‍ॅप यांच्याशी भांडण होत नाही, घरच्यांशी होतं.

प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. हे मीच करायला हवं का? आजच करायला हवं का? इतकं चोख करायला हवं का? पहिला प्रश्न सगळ्यांना सुचतो, तिसरा सुचत नाही, आणि माझ्या बाबतीत जास्त तास तिसऱ्याने सोडवले. दोन भाज्या, एक कोशिंबीर, चटणी आणि गरम पोळी हे रोज रात्री कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मीच एकदा सुरू केलं आणि ते घराचं चलन झालं. आता आठवड्यात दोन रात्री खिचडी-कढी, त्यावर जीरावन मसाला आणि शेव. इंदुरात कशावरही शेव टाकली की तक्रार अर्धी होते.

वाटणीची बोलणी चालू प्रसंगात करू नका. ओट्यापाशी घामाघूम उभं राहून "या घरात मीच एकटी मरते" असं म्हटलं की समोरचा ऐकत नाही, सुटका शोधतो. मी रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, वही मध्ये ठेवली. "अहो, हे बघा जरा. २१ तास ओट्यापाशी जातात." नवरा आधी म्हणाला की आकडा चुकलाय. मग त्याने स्वतः बेरीज केली. मग गप्प बसला. बेरजेशी भांडता येत नाही.

ठरलं ते असं : नळाच्या दिवशी पाणी भरणं पूर्ण त्याचं. भाजी-किराणा त्याचा. रविवारी सकाळचं स्वयंपाकघर मुलीचं, पोहे तर पोहे. परीक्षेच्या महिन्यात तिचं काम माझ्याकडे, हे तिने स्वतः लिहून घेतलं, वकील व्हायचंय तिला. सासूबाईंनी सांगितलं की भाजी निवडणं आणि ताकाचं त्या बघतील. मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. त्यांचं वय ७८, त्यांना त्रास नको, असं मी माझ्याशीच ठरवून टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "दिवसभर करते काय मी? दे इकडे गवार."

दिलेलं काम परत घेऊ नका. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात असे भोपळे आणले की बिया काढता काढता हात दुखले. माठ भरायचा राहिला. टाकी ओसंडून गच्ची धुऊन निघाली. या वेळी तोंड बंद ठेवणं हेच माझं काम होतं. पाचव्या खेपेपर्यंत त्याला भाजी कळायला लागली. मध्येच "राहू दे, मीच करते" म्हटलं असतं तर ते तास कायमचे माझ्याकडे परत आले असते.

काही कामं मात्र वाटायची नाहीत. सासूबाईंची दर महिन्याची डॉक्टरांकडची फेरी मीच करते. दवाखान्यात दीड तास बसावं लागतं आणि आम्ही दोघी तिथेच काय त्या निवांत बोलतो. कर्तव्याच्या यादीत असली म्हणून प्रत्येक गोष्ट ओझं नसते. ती कापून वेळ वाचवायला जाल तर घर हिशेबात बरोबर आणि राहायला वाईट होईल.

आमंत्रणांचं काय? संक्रांत ते रथसप्तमी या काळात इंदूरच्या मराठी घरांतून हळदीकुंकवाची दहा-बारा बोलावणी येतात, मग चैत्रगौरीची. सगळीकडे जाणं म्हणजे त्या महिन्याची प्रत्येक संध्याकाळ. माझा नियम : जिथे माणूस आजारी, एकटा किंवा नवीन आहे तिथे जायचंच. बाकीच्यांना आदल्या दिवशी फोन करून, कारण न रचता सांगायचं. पहिल्या वर्षी दोन जणी रुसल्या. एक अजून रुसलेली आहे.

चौथी पायरी : आपल्या घराचं खरं चक्र शोधा

आता मला नीट सांगायचंय ते. सगळी वेळापत्रकं सोमवार ते रविवार आखलेली असतात. माझं मोडायचं ते इथेच. रोज पहाटे रियाज ठरवला की एक दिवसाआड सहा वाजता मोटरची घरघर, बादल्यांचा आवाज, "अगं, पाइप कुठाय?" रियाज बुडायचा आणि मी स्वतःला आळशी म्हणायचे. चूक वेळापत्रकाची होती, त्यात नळच धरलेला नव्हता.

दिवसाआड पाणी आणि सात दिवसांचा आठवडा यांचा मेळ बसत नाही. या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार कोरडे, तर पुढच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार. चौदा दिवसांनी गाडी पुन्हा मूळ जागी येते. म्हणजे आमच्या घराचं खरं चक्र पंधरवड्याचं आहे. पंधरवड्यात सात कोरडे दिवस, प्रत्येकी एक तास रियाज, साडेपाच ते साडेसहा. दोन रविवारी जास्तीचा दीड-दीड तास. झाले दहा, म्हणजे आठवड्याला पाच. नळाच्या दिवशी पहाटेचा रियाज नाही, त्याची खंतही नाही.

तुमचं चक्र वेगळं असेल. पीथमपूरच्या कारखान्यात पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर तुमचं चक्र तीन आठवड्यांचं आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात ध्येयाचं काम जवळजवळ शून्य धरा आणि सकाळपाळीच्या आठवड्यात दुपारी दुप्पट. भंवरकुआँच्या खोलीत राहून लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या मुलाचं चक्र क्लासच्या चाचण्यांवर चालतं. तिथे चाचणीनंतरचा एक दिवस रिकामा ठेवणं हे अभ्यासाइतकंच गरजेचं आहे. निवृत्त माणसाचं चक्र बहुधा औषधांच्या वेळा आणि नातवंडांच्या शाळेवर असतं. बॅंकेत किंवा सरकारी कचेरीत असाल तर महिनाअखेर आणि मार्च वेगळे काढा. आठ-पंधरा दिवसांच्या किर्दीत काय पुन्हा पुन्हा येतं ते बघा, चक्र दिसतं.

पाचवी पायरी : वेळ जाहीर करा

इंदुरात राहून अहिल्याबाईंचं नाव घेतल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, पण इथे मी ते भक्तीपोटी घेत नाही. ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली मध्य भारतावरचा ग्रंथ छापला. त्यात अहिल्याबाईंच्या दिनक्रमाचं वर्णन आहे. सूर्योदयाआधी तासभर उठणं, पूजा, ठरावीक वेळ पोथी ऐकणं, दानधर्म, जेवण, थोडी वामकुक्षी. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सहापर्यंत. मग दोन-तीन तास पूजा आणि साधं जेवण. नऊला पुन्हा कामकाज, अकराला झोप. १७६७ ते १७९५ अशी २८ वर्षं त्यांनी राज्य चालवलं, तेही महेश्वरी बसून.

त्यांच्या दिमतीला माणसं होती आणि माझ्याकडे कुकर आहे, हे मान्य. तरी दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटल्या. कामाचे तास दोन तुकड्यांत आहेत आणि मध्ये पूजेला आणि जेवणाला मोकळी जागा आहे. दुसरं, दरबार रोज त्याच वेळी भरतो. फिर्याद घेऊन येणाऱ्याला कधी यायचं ते माहीत असतं, म्हणून तो पूजेच्या वेळी दारात उभा राहत नाही. आपल्या घरात उलटं असतं. मी मनातल्या मनात रियाजाची वेळ ठरवायचे आणि कोणी मध्ये हाक मारली की चिडायचे. त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

आता फ्रिजवर पंधरवड्याचा कागद लावलेला असतो. कोरडे दिवस पिवळे, नळाचे निळे. कोणाला मला काही विचारायचं असेल तर रात्री जेवणानंतर साडेआठ ते नऊ हा माझा दरबार. शाळेची सही, पैसे, उद्याचा डबा, सगळं तेव्हा. मुलगी पहिल्या दिवशी "महाराज, फिर्याद आहे" म्हणून आली. चालायचंच.

सुरुवात कधी करायची हे घड्याळावर सोडण्याऐवजी एखाद्या घटनेला बांधा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली हे मांडलं : "मी रोज व्यायाम करीन" अशा निश्चयापेक्षा "अमुक घडलं की तमुक ठिकाणी मी तमुक करीन" असं ठरवलेलं जास्त पार पडतं. माझं वाक्य असं आहे : दूधवाल्याची घंटा वाजली की दूध तापत ठेवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि मागच्या खोलीत तानपुऱ्याचं अ‍ॅप लावायचं. दूध तापवायला थांबले की ओट्यावर नजर जाते, ओट्यावर नजर गेली की रियाज गेला. सव्वासातला निगमची कचरागाडी गाणं वाजवत येते, तोवर डबे भरून झाले पाहिजेत, हे दुसरं वाक्य. इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं त्याचा माझ्या डब्यांना असा फायदा.

सहावी पायरी : हातातला तास वाया न घालवणं

यावर खूप लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. घरखर्चाचा हिशेब, कपाट आवरणं, फॉर्म भरणं अशा कंटाळवाण्या कामांना हे झकास. रियाजाला नाही. पंचवीस मिनिटांत तर आवाज मोकळा होतो, तिथेच गजर वाजला तर डोकं फिरतं.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली अभ्यास करून दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. यावर माझा उपाय घरगुती आहे : उठताना चिठ्ठीवर एक ओळ, "इथपर्यंत झालं, पुढे हे." हिशेबाच्या फायलीवर, शिवणावर, रियाजाच्या वहीवर, सगळीकडे.

काही कामांना मात्र दावं लावावं लागतं. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं होतं की काम त्याला दिलेला सगळा वेळ व्यापेपर्यंत फुगतं. त्याच्या डोळ्यांसमोर सरकारी कचेऱ्या होत्या, माझ्या डोळ्यांसमोर दिवाळीची साफसफाई येते. महिना दिला तर महिनाभर चालते. आम्ही दोन रविवार दिले, माळ्यावरची तीन खोकी न उघडता दिवाळी झाली आणि लक्ष्मी आली तेव्हा तिने माळा तपासला नाही.

सातवी पायरी : विश्रांती, इंदुरी पद्धतीने

इंदूर हे रात्री जागणारं शहर आहे. सराफ्यातली सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत भुट्ट्याचा कीस, मालपुवे आणि थंडीत गराडू चालू असतात. "चल भिया, सराफा" हे वाक्य रात्री साडेदहाला कुठूनही येऊ शकतं. पहाटे साडेपाचच्या रियाजाचा याहून मोठा शत्रू नाही.

मी सराफा सोडला नाही. सोडला असता तर दोन महिन्यांत रियाजच सोडला असता. तो पंधरवड्याच्या कागदावर घेतला : ज्या रविवारी नळ येत नाहीत, त्याच्या आदल्या शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी कोणालाच सहाला उठायचं नसतं आणि त्या रविवारचा अडीच तासांचा रियाज संध्याकाळी सरकतो. आधी महिन्यातून चार-पाच वेळा कसंबसं, जांभया देत जायचो. आता दोनदा जातो आणि गराडू शांतपणे खातो.

विश्रांतीच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात, त्या मिसळू नका. करमणूक, म्हणजे सराफा किंवा सानंद या मराठी संस्थेचं नाटक. भेटीगाठी. आणि निव्वळ रिकामपण, ज्यात काहीच करायचं नसतं. तिसरं आपल्याकडे कोणी मोजत नाही. नुसतं पायरीवर बसलेली बाई दिसली की लोक विचारतात, "बरं नाही का?" मी बुधवारी ऑफिसातून आल्यावर अर्धा तास पायरीवर बसते. चहा असतो, फोन नसतो. आता शेजारच्या काकूही येऊन बसतात, त्यामुळे ते कधीकधी भेटीगाठीत जमा होतं.

आठवी पायरी : ढिले पंधरवडे

वर्षात २६ पंधरवडे. त्यातले सहा मी आधीच ढिले लिहून टाकते : गणपती, नवरात्र, दिवाळी, मुलीची बोर्डाची परीक्षा, होळी ते रंगपंचमी, आणि मे महिन्यात वन्सं मुलांना घेऊन येतात तो. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या म्हणजे चित्ररथ रात्रभर निघतात आणि रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत रियाजाचं नाव काढणं म्हणजे स्वतःला अपयशी ठरवायची तयारी करणं. ढिल्या पंधरवड्यात फक्त पंधरा मिनिटं, जमतील त्या दिवशी, नुसते स्वर.

उरलेले २० पंधरवडे गुणिले दहा, म्हणजे वर्षाला २०० तास. अठरा तासांना एक राग धरला तर अकरा राग. रोज दोन तास रियाज करण्याच्या स्वप्नापेक्षा हा आकडा फारच लहान आहे. पण अकरा वर्षांत माझे किती राग झाले होते ते विचारू नका.

नववी पायरी : मोडल्यावर

पंधरवड्याच्या शेवटच्या रविवारी रात्री वीस मिनिटं कागद घेऊन बसते. किती कोरडे दिवस पाळले, कुठे गळती झाली, पुढचा कागद. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ सालच्या एका भाषणात कोणा महाविद्यालयप्रमुखाचं म्हणणं सांगितलं होतं, की प्रश्न दोन प्रकारचे असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे, आणि ते सहसा एक नसतात. त्या वीस मिनिटांत मी एवढंच बघते की बुडालेल्या दिवशी मध्ये आलेलं काम यांतलं कोणतं होतं. बहुतेक वेळा तातडीचं निघतं, आणि तातडी दुसऱ्याची असते.

गेल्या उन्हाळ्यात पाइपलाइन फुटली. चार दिवस नळ नाही, टँकरची वाट बघणं, कधी येईल त्याचा नेम नाही. निळे-पिवळे रंग सगळे विस्कटले. त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण तीन आठवडे त्यांना एकटं सोडता आलं नाही. माझा नियम इथे तयार झाला : बुडालेले तास भरून काढायचे नाहीत. सहा तास बुडाले म्हणून पुढच्या आठवड्यात अकरा करायला गेलं की तोही आठवडा बुडतो. ऑफिसात आम्ही बुडीत येणं खात्यातून काढून टाकतो, तसं काढून टाकायचं आणि नळ पुन्हा सुरू झाल्यावर जो पहिला कोरडा दिवस येईल तिथून कागद नव्याने आखायचा. तो दिवस शोधायला मला दोन दिवस जास्तच लागले, कारण निगमने नंतर दिवसच बदलून टाकला होता.

फोनचं अजून पूर्ण जमलेलं नाही. पाच तास कमी करायचे होते, साडेतीनच झाले. चार्जर स्वयंपाकघरात नेऊन ठेवलाय, रात्री दहानंतर फोन तिथेच. तरी पाणी प्यायला म्हणून उठते. परवा रात्री सव्वादहाला मी ओट्याशी अंधारात फोन घेऊन उभी होते, तर मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, उद्या कोरडा आहे ना?"